मागचे पाखे

एकशे चाळीस घरांच्या त्या वसाहतीत छप्परकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. त्यांनी छपराला ठीक म्हटले की ते ठीक, मग आत बादल्या का लावाव्या लागेनात. त्यांचे खरे नाव आता फक्त पासबुकावर उरले होते. शाळेतल्या पोरांपासून वसाहतीच्या सचिवांपर्यंत सगळे त्यांना छप्परकाकाच म्हणत, आणि ते चालत असताना लोक नकळत आपल्या घराच्या कौलांकडे पाहत.

काम दरवर्षीचे. पावसाळ्याच्या आधी दोन महिने काका आपली ॲल्युमिनियमची शिडी खांद्यावर घेऊन निघत. सगळी घरे एकाच साच्यातली. उतरत्या कौलांचे छप्पर, रस्त्याच्या बाजूला पुढचा उतार, मागच्या गल्लीच्या बाजूला मागचा. अशा उताराला पाखे म्हणतात, आणि दोन पाखी जिथे माथ्यावर मिळतात त्याला आढे. तपासणीच्या कागदावर चार चौकोन असत. पुढचे पाखे, आढे, मागचे पाखे, पन्हळ. काका वर चढत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कौलांवर टकटक करत, खाली येत, चार चौकोन भरत, सही ठोकत. एका घराला पाऊण तास. चहा झाला तर एक तास, आणि चहा होतच असे.

आता जी गोष्ट सांगायची ती अशी, की गेली नऊ वर्षे छप्परकाकांनी एकाही घराचे मागचे पाखे पाहिले नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी एका बंद घराच्या मागच्या उतारावर त्यांच्या पायाखालचे कौल सरकले. ते घसरत गेले आणि शेवटच्या क्षणी हवेच्या पाइपाला हात अडकला. मागची गल्ली म्हणजे दोन घरांच्या भिंतींमधली बोळ, तिथे कुत्रेही क्वचित फिरकते. पाऊण तास काका त्या पाइपाला लटकून होते. ओरडले नाहीत. छप्पर तपासणारा छपरावरून पडतोय हे लोकांनी बघण्यापेक्षा पडलेले बरे, असे त्यांना त्या वेळी खरोखर वाटले. मग कसेबसे गुडघ्यांवर सरकत वर आले, पुढच्या बाजूने उतरले आणि घरी बायकोला सांगितले, "शिडीचा पाय सरकला." बायकोने मनगटाला पट्टी बांधली आणि नवी शिडी घ्यायला लावली. जुन्या शिडीचा बिचारीचा काहीच दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चढले. पुढचे पाखे जमले. पण आढ्यापलीकडचे आकाश दिसू लागले तशा पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि काका तिथूनच मागे फिरले. कागद हातात घेतला. तिसरा चौकोन रिकामा होता. रिकामा ठेवला तर कुणीतरी विचारणार. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिले, "पाच कौले तडकलेली."

हे पाच कुठून आले, तर हिशेबातून. मागच्या बाजूला वारा जास्त, ऊन कमी. म्हणून पुढे तीन फुटकी असली तर मागे पाच धरायची, पुढे एक तर मागे दोन, पुढे सगळे ठीक तर मागेही ठीक. काकांनी हे सूत्र अगदी मन लावून बसवले होते. कधीकधी एखाद्या घराला, शंका नको म्हणून, सूत्राबाहेरचे एखादे कौल जास्तही देत. खालून कुणाला पडताळता येण्यासारखे नव्हते, कारण बोळीतून छपराची फक्त कड दिसते. राहता राहिला कौले बदलणारा मिस्त्री. त्याने नऊ वर्षांत एकदाही "काका, मागे पाच नाहीत, दोनच आहेत" असे म्हटले नाही. काकांना त्याचे नवल वाटे, पण विचारायची सोय नव्हती. कुठे गळलेच तर दोष वाऱ्याचा आणि मांजरांचा. या वसाहतीतल्या मांजरांनी जेवढी कौले फोडली तेवढी जगात कुठल्या मांजरांनी फोडली नसतील.

मग ड्रोन आला. सचिवांनी सभेत विषय काढला, की हल्ली छपरे तपासायला कुणी चढत नाही, ड्रोन उडवतात, वरून फोटो काढतात. सगळ्यांनी काकांकडे पाहिले. त्यांना वाटले, काका चिडतील, आपल्या पोटावर पाय आला म्हणतील. काका उभे राहिले आणि म्हणाले, "उत्तम कल्पना आहे. माझी भाची चालवते ड्रोन. फोटो ती काढेल, बघायचं काम मी करतो." सभा खूश झाली. या वयातही माणूस नवे शिकायला तयार आहे, याचे कौतुक झाले. काकांना त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. आता आढ्याजवळ जायचे नाही, सूत्र नाही, मागचे पाखे खरेखुरे बघायला मिळणार. माणूस किती हुशार असावा आणि किती नसावा याचा हा नमुना. त्यांना फक्त स्वतःचे पाय जमिनीवर दिसत होते. ड्रोनला यंदाचे छप्पर दिसेल तसे गेल्या नऊ वर्षांचेही दिसेल, हे त्यांच्या डोक्यातच आले नाही.

भाची सव्वीस वर्षांची. एरवी लग्नांत वधूवरांच्या डोक्यावर ड्रोन फिरवायची. बोलणे कमी, हात स्थिर. पहिल्या सकाळी ती ड्रोन, टॅबलेट आणि सचिवांनी दिलेला कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"हे काय?" काकांनी विचारले.

"तुमचे जुने रिपोर्ट, मामा. नव्या फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत. गेल्या वर्षी काय होतं आणि यंदा काय आहे."

ड्रोन भुणभुणत वर गेला, आढे सहज ओलांडून पलीकडे गेला, आणि टॅबलेटवर एक नंबरच्या घराचे मागचे पाखे उघडे पडले.

"गेल्या वर्षी पाच तडकलेली लिहिलीत," भाची म्हणाली. "ती बदलली असतील, तर पाच नवी लाल कौलं दिसायला हवीत ना? इथे सगळी काळवंडलेली आहेत. एकही नवं नाही."

अशा रीतीने काकांना नऊ वर्षांनी कळले, की मिस्त्रीही मागे गेला नव्हता. दोघे एकमेकांवर भिस्त ठेवून पुढच्या बाजूने चढत होते आणि पुढच्याच बाजूने उतरत होते. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे कळले असते तर काका पोट धरून हसले असते.

चार दिवस असे गेले. भाची फोटो मोठे करून दाखवायची, काका आकडे सांगायचे, गेल्या वर्षीच्या रकान्यावर दोघेही बोलायचे नाहीत. तिला पहिल्याच दिवशी समजले होते, आणि तिला समजले आहे हे काकांनाही समजले होते. छोटी तफावत होती तोवर चालून गेले. पाच लिहिली आणि दोन निघाली, तर कुणाचे डोके फुटत नाही.

पाचव्या दिवशी एकेचाळीस नंबर आला.

एकेचाळीसमध्ये निवृत्त नर्सबाई एकट्या राहत. ड्रोन वर गेला. भाचीने फोटो मोठा केला आणि टॅबलेट काकांच्या हातात दिला. मागचे पाखे मधोमध खचले होते. वीतभर खोल खळगा, कौले त्यात घसरून एकावर एक चढलेली, फटींत माती, आणि मातीत उगवलेले झाड, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचे. कौलांखालचा वासा कुजल्याशिवाय छप्पर असे खचत नाही. काकांनी गेल्या वर्षीचा कागद काढला. पुढे सगळे ठीक होते, म्हणून तिसऱ्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, "ठीक." त्याच्या आदल्या वर्षीही तेच होते, आणि त्याच्याही आदल्या वर्षी.

भाचीने ड्रोनची पाती पुसून घेतली. मग हलकेच म्हणाली, "मामा, एका वर्षात झालं असं लिहू या? वादळ झालं होतं की मध्ये."

मनात आणले असते तर तसे लिहिता आले असते. नाव राहिले असते, काम राहिले असते. काकांनी फोटोतल्या खोडाकडे पुन्हा पाहिले.

"एका वर्षात झाड एवढं जाड होत नाही," ते म्हणाले. "तू इथंच थांब."

नर्सबाईंनी दार उघडले. "झालं का काका? चहा टाकते."

"चहा नको. मागच्या खोलीत कोण झोपतं?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

मागच्या खोलीच्या फळ्यांच्या छताला एक तपकिरी डाग होता आणि त्याच्या कडेने पेन्सिलीच्या रेघा ओढलेल्या होत्या, एकाबाहेर एक, प्रत्येकीला तारीख. रोग्याची सूज वाढते की उतरते हे पाहायला नर्सेस असेच करतात. डागाच्या बरोबर खाली पलंग होता.

"तीन वर्षांपूर्वी तुम्हाला दाखवला होता की हा," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, वरून सगळं ठीक आहे, जुनी ओल आहे, वाळेल. मी आपली भीतीनं पलंग पुढच्या खोलीत हलवला होता. तुम्ही सांगितलंत म्हणून परत इथं आणला."

काकांना हे आठवत नव्हते, आणि न आठवण्याचीच लाज जास्त वाटली. त्यांनी पलंगाची एक बाजू धरली. "आधी हा बाहेर काढू."

बाईंनी काही न विचारता दुसरी बाजू धरली. पलंग दारातून तिरका करून दोघांनी पुढच्या खोलीत ठेवला. मग काकांनी सुताराला फोन केला. सुतार दोन गल्ल्या पलीकडेच काम करत होता, अर्ध्या तासात आला. त्याने छताची एक फळी उचकटली, आत हात घालून वाशाला पटाशी लावली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. त्याने ती ओढून काढली, टोकाला लागलेला ओला भुसा बोटाने पाहिला आणि म्हणाला, "हे यंदाचा पाऊस काढणार नव्हतं. खोलीत कुणी जायचं नाही." मग तो टेकूसाठी लाकडे आणायला गेला.

खोलीच्या दाराशी दोघेच उरले. सुतार असतानाच बोलायला हवे होते, म्हणजे एकदाच सांगून झाले असते, असे काकांना वाटले.

"मी वर गेलोच नव्हतो," ते म्हणाले. "म्हणजे मागच्या बाजूला. नऊ वर्षं गेलो नाही. अंदाजानं लिहीत होतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. राग यायला थोडा वेळ लागावा तसा चेहरा होता. "सगळ्या घरांचं?"

"सगळ्या."

"का?"

हा प्रश्न काकांना नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याचे एक उत्तर त्यांनी तयार ठेवले होते, गुडघ्याचे. ते तोंडापर्यंत आले आणि राहिले. "भीती वाटते," ते म्हणाले. "एकदा घसरलो होतो. पलीकडचं दिसलं की पाय लटपटतात."

बाईंनी फळी निघालेल्या छताकडे पाहिले.

"मग तसं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "मी दुसऱ्या कुणाला तरी वर चढवलं असतं. भीती वाटते म्हटल्यावर तुम्हाला कोण हसणार होतं? मी तीन वर्षं त्याच्याखाली झोपले, काका."

ज्या गोष्टीसाठी काकांनी नऊ वर्षे एकशे चाळीस घरांची झोप पणाला लावली होती, ती बाईंनी एका वाक्यात किरकोळ करून टाकली होती. ते खरेही होते, आणि म्हणूनच त्यांना ते सोसवेना. सॉरी म्हणायला तोंड उघडले, पण बाईंनी हातानेच थांबवले.

"पुढे कुठलं घर आहे?"

"बेचाळीस."

"मग त्यांना सांगून या."

काका बाहेर आले. भाचीने ड्रोन पुढच्या घरासमोर मांडून ठेवला होता. "उडवू?" तिने विचारले.

"जरा थांब," काका म्हणाले, "आणि एकेचाळीसच्या रकान्यात लिही, गेल्या वर्षी पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या घरांनाही तेच लिही." भाचीने मान हलवली आणि टॅबलेट उघडला.

त्यांनी बेचाळीसची बेल वाजवली. दारात तरुण गृहस्थ आला, हातात वर्तमानपत्र, काकांना पाहून तोंडभर हसला. "या काका. आमचं छप्पर तर ठणठणीत असणार. गेल्या वर्षी तुम्हीच ठीक दिलंय."

"दिलंय खरं," काका म्हणाले. "पण मी मागचं पाखं पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीही कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या मागच्या खोलीचं छप्पर कसं आहे, मला माहीत नाही."

गृहस्थाचे हसू थोडा वेळ तसेच राहिले. मग त्याने मान वळवून घरात मागच्या खोलीकडे पाहिले. तिथे त्याची दोन्ही मुले झोपत.