‘येते’ म्हणजे येतेच

दिलेला शब्द पाळणारी माणसं नाशिक जिल्ह्यात शोधायला गेलं तर मूठभर तरी सापडतील. पण निघताना दारात चपला घालता घालता पुटपुटलेला ‘येते’ हा शब्दसुद्धा पाळणारी व्यक्ती उभ्या महाराष्ट्रात एकच आहे आणि ती म्हणजे आमची नांदगावची मैत्रीण. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आपल्याकडे प्रत्येकीला आईने पाठीत धपाटा घालून शिकवलेलं असतं. आपण ते शिकतो, जन्मभर म्हणतो आणि पुन्हा म्हणून त्या घराकडे फिरकत नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण ‘येते’चा अर्थ ‘जाते’ असाच असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त हिला कळत नव्हतं. किंवा कळत असावं आणि पटत नसावं. तिच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढणं मला कधी जमलं नाही.

नाशिकच्या कॉलेजात आम्ही तिघं होतो. मी तिथल्याच इंदिरानगरची, म्हणजे घरी जेवायला जाणारी. ती हॉस्टेलवर राहणारी. आणि तिसरा आमचा एक मित्र, जो पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सहा महिन्यांत जन्मजात पुणेकर झाला. तिसऱ्या वर्षाला असताना हिची अक्कलदाढ काढावी लागली. दाढ निघाली, कापूस बसला, गोळ्या लिहून झाल्या आणि उठताना ही सुजलेल्या तोंडाने म्हणाली, “येते डॉक्टर.” दिवाळीनंतर ही पुन्हा तिथे हजर. डॉक्टरांनी आ करायला लावून, बॅटरी मारून एकेक दात तपासला आणि काहीच सापडेना तेव्हा बिचारे घाबरले. “नेमकं काय होतंय?” त्यांनी विचारलं. “काय नाय,” ही म्हणाली, “येते म्हणाले होते ना मी.” डॉक्टरांनी तिला आतून फराळाचा लाडू आणून दिला. दातांच्या डॉक्टरने पेशंटला लाडू खाऊ घातल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

पासपोर्टचंही तेच. आम्ही दोघांनी काढला म्हणून तिनेही काढला. कुठे जायचं होतं असं नाही. चौकशीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन आली, तेव्हा मी तिला बाहेर येताच विचारलं, “येते म्हणाली नाहीस ना?” कारण पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट अशा जागी ‘येते’ म्हणायचं नसतं, मुकाट्याने निघायचं असतं. तिने जीभ चावली. पुढल्या महिन्यात ही कंपासपेटीएवढी पर्स लटकवून पुन्हा ठाण्याच्या बाकावर. हवालदारांनी विचारलं, “काय गं ताई, तक्रार आहे का कुणाची?” ही म्हणाली, “नाय साहेब, सहज.” हवालदारांनी कागद बाजूला ठेवला, तिच्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, “सहज आलेलं माणूस नोकरीत पहिल्यांदाच बघतोय मी.” हे तिने आम्हाला इतक्या कौतुकाने सांगितलं की, त्या हवालदाराला कुणीतरी पदकच दिलं असावं असं वाटलं.

तिला हा शब्द न वापरता मी एकदाच पाहिलं. माझे आजोबा गेले तेव्हा ती हॉस्टेलवरून चालत आमच्या घरी आली, माझ्या आईशेजारी सतरंजीवर तास-दीड तास बसली आणि निघताना काही न बोलता, मागे न बघता जिना उतरून गेली. दुःखाच्या घरून असंच निघायचं असतं. एरवी तोंडाला ब्रेक नसलेल्या मुलीने ते इतकं नेमकं पाळलं, की आईने डोळे पुसता पुसता मला विचारलं, “कुणाची गं ही?”

पण तिच्या या वेडाला खरं वळण लागलं ते हिमाचलात. शेवटची परीक्षा झाल्यावर आम्ही तिघं तिकडे फिरायला गेलो होतो आणि एका खेड्यात डोंगराच्या कडेला एका बाईंच्या घरी उतरलो होतो. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, त्या आम्हाला मऱ्हाठा म्हणायच्या. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन बसकडे पळत असताना ही दारात वाकली, मावशींच्या पाया पडली आणि आपलं नांदगावचं मराठी जसंच्या तसं हिंदीत ओतून म्हणाली, “अच्छा मावशी, आती हूँ.” आता हिंदीत माणूस निघताना ‘चलती हूँ’ म्हणतो. ‘आती हूँ’ म्हणणारं माणूस कोपऱ्यावर जाऊन परत येणार असतं. दुपारी आमची बस चांगली दोन घाट उतरून गेल्यावर हिचा फोन वाजला. “बेटी, राजमा चढ़ा दिया है, चावल भी हो गए. कब तक आ रही हो?”

मी आणि पुणेकर पोट धरून हसत होतो. ही मात्र पांढरी पडली. फोनवर हात ठेवून म्हणाली, “अगं, ती ताट वाढून बसलीये.” आम्ही म्हटलं, सांग तिला, चूक झाली, भाषेचा घोळ झाला. “कसला घोळ? येते म्हणाले मी. तिने ऐकलं. यात घोळ कुठंय?” आणि पुढच्या थांब्यावर ही खरोखर उतरली, उलट्या दिशेच्या बसमध्ये चढली आणि राजमा-भात जेवायला परत गेली. दुसऱ्या दिवशी चंदीगडच्या स्टेशनवर आम्हाला येऊन भेटली तेव्हा तिच्या हातात आमच्या वाटणीच्या राजम्याचा डबा होता. मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. राजमा इतका उत्तम होता की तेही जमलं नाही.

कॉलेज संपलं. पुणेकर कॉम्प्युटरवाल्यांत गेला, मी नाशिकलाच अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात लागले आणि ही एका वाईनरीच्या प्रयोगशाळेत. थेंबभरही न पिणारी ही मुलगी दिवसभर वाईनची आंबटगोडी तपासायची. तिच्या वडिलांचं नांदगावात हार्डवेअरचं दुकान आहे. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “पोरगी द्राक्षाच्या कारखान्यात हे,” आणि द्राक्षांचं तिथे पुढे काय होतं हे कुणी विचारायच्या आत घाईघाईने खिळे जोखायला घ्यायचे.

तेव्हापासून दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं गावाबाहेरच्या एका मिसळीच्या ठिकाणी जमायचो. झाडाखाली बाकडी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर ताटाएवढा पापड आणि सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं त्याच्या गप्पा. पुणेकर दरवर्षी नवा देश आणायचा. त्याच्या फोटोत निळं पाणी, त्याच्या कडेला तो आणि त्याच्या डोळ्यांवर गॉगल एवढंच असायचं. देश कुठला ते तो सांगेपर्यंत कळायचं नाही. मी कधी कोकण, कधी केरळ. आणि ही? ही दर उन्हाळ्यात हिमाचलातल्या त्या मावशींकडे. कारण निघताना दरवर्षी ती पुन्हा ‘आती हूँ’ म्हणायची आणि मावशी आता मुद्दाम म्हणवून घ्यायच्या. शिवाय जाता-येता वाटेत जो भेटेल त्यालाही हे लागू. गाडी रखडली म्हणून इटारसीला एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी घरी नेऊन पोहे खाऊ घातले, आती हूँ. अंबाल्याच्या चहावाल्याने विसरलेली छत्री सांभाळून ठेवली; आती हूँ. हळूहळू तिची सहल म्हणजे फिरत्या विक्रेत्याचा दौरा झाला, फक्त विकायला जवळ काही नाही. “अगं, एकदा तरी नवीन काही बघ,” पुणेकर वैतागून म्हणायचा. “बघते ना,” ती म्हणायची, “मास्तरांच्या नातीला दात आलेत नवीन.”

तिच्या फोनमध्ये डोंगर नव्हते, धबधबे नव्हते. तीच माणसं होती, दरवर्षी एका वर्षाने मोठी झालेली. मावशींची गाय व्याली, मास्तरांचा मोतीबिंदू काढला, चहावाल्याने शेजारी समोशाची कढई टाकली, अशा बातम्या ती रस्सा ओरपत सांगायची आणि आम्हीही न बघितलेल्या गायीची चौकशी करू लागलो होतो. पुणेकराचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा दुसरीकडे ठरलं, माझी बढती हुकली, हे सगळं त्याच बाकड्यावर झालं. तिला विचारलं, “तुझं काय?” तर एकच उत्तर, “माझं काय, मी बरी हे.” खरं सांगायचं तर त्या रविवारी आम्ही दोघं येत होतो ते एकमेकांसाठी नव्हे. ती येणार हे नक्की असायचं, म्हणून आमचंही येणं व्हायचं.

गेल्या वर्षी मात्र तिने ‘मी बरी हे’ म्हटलं नाही. पापडाचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवत म्हणाली, “मला न्यूझीलंडला काम मिळालंय. तिकडच्या वाईनरीत.” पुणेकराने टाळीसाठी हात पुढे केला. मी विचारलं, “किती वर्षांसाठी?” तिने तुकडा तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला आणि म्हणाली, “माहीत नाय गं. ते लोक म्हणतात, आवडलं तर राहा. मलाच माहीत नाय मला आवडंल का.” जूनच्या पहिल्या आठवड्यात विमान होतं. म्हणजे हा आमचा शेवटचा रविवार होता आणि हे तिघांनाही एकदमच कळलं.

मग पुणेकराने नको तो प्रश्न विचारला. त्याची ती जुनी खोड आहे. “हिमाचलात जाऊन आलीस ना यंदा? मावशींना निघताना काय म्हणालीस?”

तिने रश्श्यात चमचा फिरवला. मग म्हणाली, “चलती हूँ म्हणाले.”

“मग?”

“मावशी हसली. म्हणाली, अब जाके हिंदी आई तुझे.” आणि खाली बघत म्हणाली, “अंबाल्यापर्यंत रडत आले मी. चहावाल्याकडं उतरलेच नाय.”

त्यानंतर माझं मिसळीत लक्ष लागेना. ती आम्हाला काय म्हणणार, एवढंच डोक्यात. खोटं ‘येते’ ही मुलगी म्हणायची नाही, हे मला दातांच्या डॉक्टरपासून ठाऊक होतं. मराठीत ‘चलते’ म्हणून सुटायची सोय नाही, आणि ‘निघते’ म्हटलं तरी ‘निघते काय, येते म्हण’ असं ऐकावं लागतंच. ‘जाते’ तिच्या तोंडून निघणार नाही, आणि काही न बोलता उठून गेली तर ते आमच्या घरच्या त्या दिवसासारखं होईल, तेही ती करायची नाही. भाषेने तिच्यासाठी एकही दार उघडं ठेवलेलं नव्हतं. मला तर वाटलं, ही इथेच बसून राहील आणि विमान चुकेल. वाटलं म्हणजे, मनातून मला तेच हवं होतं.

पुणेकर कसलासा विनोद सांगत होता. ती अर्धी मिसळ आणि जवळजवळ आख्खा पापड तसाच ठेवून उठली, हात झटकले, पर्स खांद्याला लावली आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, “थांबा हं. आलेच.”

आम्हाला वाटलं हात धुवायला गेली. विनोद संपला, दुसरा झाला, माझा चहा संपला. पोऱ्या फडकं घेऊन आला आणि तिचं ताट उचलू लागला तेव्हा पुणेकराने त्याला अडवलं. मी नळाशी जाऊन बघून आले, मागे पार्किंगपर्यंत जाऊन आले. मग फोन लावला. पलीकडून रिक्षाचा खडखडाट ऐकू आला. ती नाशिकरोडच्या वाटेवर होती, नांदगावची गाडी गाठायला.

“अगं कुठे गेलीस तू?” मी म्हटलं.

“कुठं गेलेय? आलेच म्हणून सांगितलंय की,” ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. “पापड तेवढा झाकून ठेव. सादळंल.”

‘येते’ म्हणजे कधीतरी येईन. ‘आलेच’ म्हणणारं माणूस गेलेलंच नसतं, फक्त जरा उठलेलं असतं. तिला आख्ख्या मराठीतून हा एवढा एकच खरा शब्द सापडला आणि तो तिने आमच्यासाठी ठेवला होता, याचा मला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

यंदाच्या मे महिन्यात पुणेकर परदेशी गेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, “कंटाळा आला निळ्या पाण्याचा.” शेवटच्या रविवारी आम्ही दोघं त्याच बाकड्यावर बसलो. सकाळीच तिचा फोटो आला होता: तिकडे थंडीची सुरुवात, पानं झडलेले द्राक्षांचे वेल, आणि त्यांच्यामध्ये टोपडं घातलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात हात टाकून ही. खाली लिहिलं होतं, ‘शेजारच्या आजी. इंग्रजीत यांना काय म्हणायचं गं निघताना?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पुणेकराने मला न विचारता तीन मिसळी सांगितल्या. वाढणाऱ्याने तिसरं ताट ठेवता ठेवता रिकाम्या जागेकडे बघितलं आणि विचारलं, “अजून कोणी येणार आहे का?”

पुणेकर मान वर न करता म्हणाला, “हो. आलीच.”

मी तिसरा पापड ताटलीखाली झाकून ठेवला आणि आम्ही जेवायला सुरुवात केली.