आबांना सांगितलेली शर्यत

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी केबलवरची एक परदेशी वाहिनी अचानक हिंदी बोलायला लागली. जंगलातले वाघ, समुद्रातले देवमासे, सगळ्यांचं हिंदीत. माझा नवरा पाइपांच्या विक्रीसाठी महिन्याचे वीस दिवस फिरतीवर असायचा. जळगावच्या त्या दोन खोल्यांत मी आणि ती वाहिनी असा आमचा संसार. दिवस दिवस कुणाशी बोलणं नसायचं. दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणताना स्वतःचाच आवाज परका वाटायचा, इतकी मी एकटी पडले होते.

त्या हिवाळ्यात माझे वडील, आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सावद्याहून आले. आले म्हणजे नवऱ्याने आणून सोडले, ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी नवरा बॅग उचलून निघाला. मागे राहिलो आम्ही दोघं, आणि लग्न झाल्यापासून अकरा वर्षं मी आबांशी बोलत नव्हते. 'जेवून घ्या', 'औषध घालते', एवढंच. तेही घरची बोली सोडून मुद्दाम पुस्तकी मराठीत, त्यांना टोचावं म्हणून. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, त्यातली मी. आई गेली तेव्हासुद्धा तेरा दिवस माहेरी राहिले ते आबांकडे पाठ करून.

कारण माझ्या लग्नाचंच होतं. लग्न सावद्याला. थोरला भाऊ सकाळी हार आणायला मोटारसायकलवर भुसावळला गेला आणि परतताना ट्रकखाली सापडला. बातमी मांडवात पोचली तेव्हा अंतरपाट धरायचा होता. हळद लागलेल्या मुलीला असलं काही कळू द्यायचं नाही, आधी लग्न पार पाडायचं, ही आमच्याकडची रीत. आबांनी काकांना दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः मांडवात थांबले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आबा वाढत राहिले. भाऊ संध्याकाळपर्यंत जिवंत होता. मला दुसऱ्या दिवशी सासरी सांगितलं. नवरानवरीच्या पंगतीचा एक फोटो होता: आबा माझ्या पानातल्या वरण-बट्टीवर तूप वाढताहेत आणि मी हसते आहे. तो मी फाडून टाकला.

तर एका दुपारी आबा खाटेवर होते. एका डोळ्याला पट्टी, आणि दुसऱ्याने आधीच फारसं दिसत नव्हतं. जेवणं झाल्यावर मी टीव्ही लावला. जुनी काळीपांढरी चित्रं होती. फ्रान्समधली मोटारींची शर्यत, रात्रंदिवस चोवीस तास चालणारी.

"काय चाललं व बाई?" आबांनी विचारलं.

"मोटारींची शर्यत."

"सांग ना जरासं. मले नुस्ता आवाज येतो."

मनात आलं, कान आहेत ना, ऐका. पण डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? सांगायला लागले. रस्त्याच्या कडेला माणसंच माणसं, टोप्या घातलेल्या बायका, बापांच्या खांद्यावर पोरं. एक गाडी दुसरीवर चढली, उडाली, बांधावर आपटली आणि तिचे तुकडे थेट गर्दीत घुसले. मग धूर. अकरा वर्षांत मी आबांशी एका दमात एवढं बोलले नव्हते.

"मंग?"

"माणसं मेली, आबा. खूप."

"मंग बंद केली असन शर्यत."

मी पडद्याकडे पाहिलं. गाड्या पळतच होत्या. एकीकडे माणसांवर चादरी घालत होते आणि दूर दुसऱ्या टोकाला जत्रेतला आकाशपाळणा फिरत होता, लोक खातपीत होते. तिकडच्यांना पत्ताच नव्हता.

"नाही थांबवली," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू ठेवली."

आबांनी तोंड माझ्याकडे वळवलं. आता आपण फ्रान्सबद्दल बोलत नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

मग शर्यत का थांबवली नाही ते टीव्हीवर सांगितलं. थांबवली असती तर सगळी गर्दी एकदम रस्त्यावर आली असती आणि जखमींना नेणाऱ्या गाड्या अडकल्या असत्या. मी तेही आबांना सांगितलं, आणि का कोण जाणे, पुढे म्हणाले, "तुमचंही तसंच असेल. तुम्ही उठला असता तर सगळा मांडव उठला असता."

मी त्यांना वाट काढून देत होते. त्यांनी ती घेतली असती तर मीही सुटले असते.

"नही बाई," आबा म्हणाले. "मी भ्यालो. तठी दवाखान्यात गेलो असतो तं त्याले पाहा लागलं असतं. पंगतीत वाढत व्हतो तवर माह्यासाठी तो जिता व्हता."

मी टीव्हीचा आवाज कमी केला. तेच पुढे म्हणाले, "त्यानं दोनदा इचारलं म्हने, आबा आले का. तुह्या काकानं मले सांगलं. आन् म्हने, तिले सांगू नका, तिचं लगन होऊ द्या."

मी टीव्ही बंद केला. मला कळवू नका, हे भावानेच सांगितलं होतं. जे लपवलं म्हणून मी आबांना अकरा वर्षं वाळीत टाकलं, ते लपवावं ही त्याचीच इच्छा होती.

"मग हे मला आजवर का नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"सांगलं असतं तं तुहा राग गेला असता," आबा म्हणाले. "मंग मले रागावनारं कोन राह्यलं असतं? तुह्या मायनं सबद नही काढला. गाव म्हने, आबा लई खंबीर. तू तेवढी रागावली. मले वाटे, बरं हाय, एक तं कोनी हाय."

मला रडू फुटलं. रडता रडता मी त्यांच्यावर रागावले, पहिल्यांदाच तोंडाने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "जायला पाहिजे होतं तुम्ही, आबा. तो वाट पाहत होता तुमची."

आबा मान हलवत राहिले. "हो बाई," म्हणत राहिले. "बोल. अजून बोल."