टॉवेलाखालचा सौदा

माझ्या मुलीने माझा धंदा कोल्हापूरच्या भरल्या नाट्यगृहात नाचून दाखवला, आणि तोही मला न विचारता. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. लगेच नाही. थोडं ताणून धरलं असतं, पण म्हटलं असतं. हे तिलाही माहीत होतं. तरी विचारलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी जनावरांच्या बाजारातला दलाल. नेसरीहून कोल्हापुरात पहिल्यांदा आलो तो दुसऱ्याचे बैल हाकत, चालत. आज कसबा बावड्यात माझं घर आहे, मागे गोठा आहे, आणि यातलं काही कुणाच्या उपकाराने झालेलं नाही. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर फिरतं, आणि बैल घेताना मी कुणाचं ऐकत नाही. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथे माझं कुणाला वाईट वाटत नाही.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, अर्धं पेर दाबलं की सगळा पंजा धरला, त्यावरून भाव. तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा चालू. भोवती उभ्या असलेल्या लोकांना काही कळत नाही. शेतकरी किती अडलेला आहे हे चारचौघांत उघडं पडू नये, आणि घेणाऱ्याला जनावर किती आवडलंय तेही उघडं पडू नये, म्हणून तो टॉवेल.

आणि जमत नसेल तर हात झटकून चालू पडायचं. हे चालू पडणं म्हणजे सौदा मोडणं नव्हे. तो सौद्याचाच भाग आहे. पाठ फिरवायची, रमतगमत निघायचं, मागे बघायचं नाही. समोरच्याला सौदा हवा असेल तर मागून हाक येते, "ओ पावणं, या की माघारी!" मी आयुष्यभर अशा हाका ऐकत आलो. ज्याने आधी हाक मारली तो पडला, एवढा साधा हिशेब.

मुलगी लहान असताना मी तिला स्कूटरवरून भरतनाट्यमच्या क्लासला सोडायचो. ती आयस्क्रीम मागायची, रंकाळ्यावर न्या म्हणायची. मी म्हणायचो, टाक टॉवेल. मग स्कूटर बाजूला लावून आमचा सौदा चालायचा. रंकाळ्याला किती फेऱ्या, त्याबदल्यात पाढे कुठवर. तिची बोटं एवढीशी, पण घट्ट. मनासारखं झालं नाही तर हात झटकून फुटपाथवरून चालू पडायची आणि मागे वळून बघायची नाही. हाक मलाच मारावी लागायची. घरीसुद्धा आम्ही दोघं टॉवेल टाकून बसलेलो दिसलो की बायको करवादायची, "अवो, पोरगी हाय का म्हस? तोंडानं बोला की तिच्याशी!"

तोंडाने बोलायला मला कधी फारसं जमलं नाही. टॉवेलाखाली जमायचं.

शेवटचा भाव देण्याआधी समोरच्याच्या मनगटावर हलकेच अंगठा फिरवायची माझी एक खोड होती. समोरचा माणूस त्याने विरघळतो. का ते मला ठाऊक नाही, पण विरघळतो. ही गोष्ट मी धंद्यातल्या कुणाला सांगितली नव्हती. फक्त तिला शिकवली होती.

मोठी झाल्यावर ती बेंगळुरूला गेली, नव्या पद्धतीचा नाच शिकायला. एकदा तिने फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. माणसं जमिनीवर पडत होती, घरंगळत होती, एकमेकांच्या पाठीवरून पलीकडे जात होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं उभं ऱ्हाऊन नाचायला फी भरली. आता लोळायची येगळी?"

ती हसली. "आबा, लोळणंच अवघड असतंय. पडायचं, पण लागू द्यायचं न्हाय."

"आमच्या बाजारात ये. तिथं रोज पडत्यात माणसं."

"येणारच हाय," ती म्हणाली. मला वाटलं, गंमत करते आहे.

पुढे तिने स्वतःचा संच उभा केला. भरतनाट्यमचे पाय, हा नवा लोळण्याचा नाच, आणि सोबत आपल्या इकडची हलगी, असं सगळं एकत्र करून ती कार्यक्रम बसवू लागली. एक दिवस फोन आला, "आबा, कोल्हापुरात कार्यक्रम हाय. पुढच्या रांगंत बसायचं."

"कशावर हाय?"

"बघायलाच या की."

मी एकटा कशाला जाईन? बाजारातली सगळी मंडळी घेऊन गेलो. दुसरी रांग अख्खी आमच्या टोप्यांनी भरली. माझ्या शेजारी चंदगडकडचा माझा जुना जोडीदार बसला होता. जोडीदार म्हणजे ज्याच्याशी मी उभा जन्म भांडत आलो तो. बसल्या बसल्या म्हणाला, "पोरगीचा नाच हाय म्हणून आलोय. न्हायतर तुझ्या शेजारी मी कुणाच्या मातीलापण बसणार न्हाय."

पडदा वर गेला. रंगमंच मोकळा. मागे एका कोपऱ्यात हलगीवाला आणि एक लॅपटॉपवाला. ती आली ती साध्या राखाडी कपड्यांत, काष्टा मारलेलं धोतर, पायात घुंगरूसुद्धा नाही. गुडघे वाकवून तिने पाय आपटायला सुरुवात केली आणि त्या आपटण्यात हळूहळू बैल आले. आधी रस्त्यावरून चालणारे, मग उतरणीला पाय रोवणारे, मग बाजाराच्या चिखलात बुजलेले. जोडीदार पुढे सरकून म्हणाला, "आरं, ही तर खिलारी चालतीया!" माझी छाती फुगली. ते मी लपवणार नाही.

मग ती मी झाली. एक खांदा वर, हनुवटी पुढे, बोलता बोलता कान ओढायची माझी सवय, बैलाचा ओठ उचलून दात बघायची माझी घाई. सगळं नाट्यगृह हसलं. आमच्या रांगेत तर टोप्या उडाल्या. जोडीदाराने मला ढोसलं, "गड्या, हे तूच की!" तेही मी सहन केलं. चक्क मजा वाटली.

त्यानंतर तिने आणि तिच्या संचातल्या एका नाचणाऱ्याने हातावर पांढरा टॉवेल टाकला. बाकी सगळा अंधार, प्रकाश फक्त टॉवेलावर. दोघांची शरीरं दगडासारखी स्थिर आणि टॉवेल मात्र हलतोय, आत एखादं पाखरू असल्यासारखा. हलगी अगदी बारीक वाजत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. तेवढा वेळ मला वाटलं की आपण जन्मभर काहीतरी देखणं करत होतो आणि आपल्याला कुणी कधी सांगितलं नाही.

आणि तिने टॉवेल ओढून फेकून दिला.

हात उघडे पडले. भर उजेडात बोटं बोटांना धरत होती, सोडत होती, विनवत होती, नाही म्हणत होती. अंधारातून आणखी जोड्या आल्या, सगळ्यांचे हात उघडे. जी गरज टॉवेलाखाली झाकायची ती त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती. हलगी चढत गेली. आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून माझ्या मुलीने समोरच्याच्या मनगटावर सावकाश अंगठा फिरवला. तो विरघळून जमिनीवर कोसळला.

जोडीदार मोठ्यांदा म्हणाला, "असं व्हय! अंगठा फिरवत हुतास व्हय रं माझ्यावर? आता कळलं मला दरवेळी कसा बुडवलास ते!"

आमची रांग खदखदून हसली. माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि भर कार्यक्रमात ओरडलो, "टावेल टाक! आधी टावेल टाक त्यो!"

नाचणारे थांबले. हलगी थांबली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मागून टाळ्या आल्या. ती क्षणभर गोंधळली. मग तिने खाली पडलेला टॉवेल उचलला, रंगमंचाच्या अगदी कडेला आली, उजव्या हातावर तो टाकला आणि हात माझ्याकडे पुढे केला.

आता मी हे कितीही वेळा आठवलं तरी त्यात काही बदलत नाही. समोर माझी मुलगी, टॉवेल टाकलेला, हात पुढे. मला फक्त पुढची रांग ओलांडायची होती. पण सगळं नाट्यगृह बघत होतं, सगळा बाजार बघत होता, आणि माझा राग ताजा होता. अशा वेळी लगेच हात देत नाहीत. मी जे नेहमी करतो तेच केलं. पाठ फिरवली आणि चालू पडलो.

मी हळूहळू चाललो. बाजारात चालतो तसाच, रमतगमत, हाक ऐकू येईल अशा बेताने. खुर्च्यांमधली ती वाट लांबलचक होती. दारापाशी पोचलो तरी हाक आली नाही. दाराला हात लावला आणि मागे हलगी पुन्हा सुरू झाली.

बाहेर गाड्या लावायच्या जागेजवळ चहाची गाडी होती. तिथे उभा राहिलो. गाडीवाला म्हणाला, "पावणं, भाईर का? आत पोरगी लई भारी नाचतीया म्हंत्यात." मी म्हटलं, "च्या दे गप." चहा संपला, मी दाराकडे बघत होतो. कुणीच आलं नाही. मग टाळ्यांचा आवाज आला, तो बराच वेळ चालला.

ती आणि तिचा संच दुसऱ्या दिवशी सकाळीच पुढच्या गावी गेले. काही दिवसांनी फोनवर ती म्हणाली, "आबा, तुमी उठून गेला."

"तू हाक मारली न्हाईस."

ती म्हणाली, "तुमीच शिकवलंय की. जो आधी हाक मारंल त्यो पडला."

यावरचं उत्तर समोर उभं राहून द्यायचं होतं, फोनवर नाही. परक्या माणसाशी करायचं ते वेगळं आणि बापाशी करायचं ते वेगळं, एवढं तिला कळायला हवं होतं. लहानपणी फुटपाथवर दरवेळी हाक कुणी मारली होती? एकदा तिने मारली असती तर काय बिघडलं असतं?

पुढे तोच कार्यक्रम पुण्यात झाला. मी गेलो नाही. बायको गेली. आल्यावर पाणीसुद्धा न पिता सांगू लागली, "अवो, तुमचं वरडणं ठेवलंय तिनं. लोकांत एक मानूस बसवलाय. त्यो उठतोय, वरडतोय आन निघून जातोय."

"माझं वरडणं? मला न इचारता?"

"व्हय."

"टावेल म्हणतोय का त्यो?"

"न्हाय. टॉवेल म्हणतोय. सावकाश."

"मग काय वरडतोय डोंबल!"

बायको हसली नाही. म्हणाली, "त्यो गेल्यावर ती कडंला येऊन हात फुडं करून हुभी ऱ्हाती. टावेल टाकून. कुणीच येत न्हाय. मग अंधार हुतोय."

"किती वेळ ऱ्हाती हुभी?"

"लई वेळ," ती म्हणाली आणि आत गेली.

बाजारात आता बैल कमी झालेत. तरणी पोरं जनावराचा फोटो फोनवर टाकतात, खाली भाव लिहितात, सगळ्या जगाला दिसतो. माझ्या खांद्यावर टॉवेल असतो तो घाम पुसायला. जोडीदार भेटला की मनगट पुढे करतो आणि म्हणतो, "फिरीव अंगठा." मी त्याला शिव्या देतो.

या वर्षी ती घरी आली होती. गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, भाकरी खाल्ली, आईशी खूप बोलली. माझ्याशीही बोलली, दूध, पाऊस, रस्ते. बाजारात भाव ठरत असताना तोंडाने जे बोलतात ते सगळं बोललो आम्ही. हात मात्र आपापल्या जागी.

जायच्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. निघताना मीच पिशव्या भरल्या होत्या. गूळ, कांदालसूण चटणी, भडंग, तांदूळ. ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. मी कधी कुणाचं ऐकत नाही. गाडी लागली. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उजव्या हातावर टाकला. तोंडाने म्हणालो, "फुडं रस्ता खराब हाय म्हणत्यात."

तिने टॉवेलाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. कंडक्टर ओरडला, मागून लोक लोटू लागले, आणि ती पायरी चढून आत गेली. खिडकीतून ती काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

पिशव्या जड होत्या, मान्य. पण एक पिशवी तिला खाली ठेवता आली असती.