खाली आहे

देवासहून पीथमपूरला आम्ही दोघं रोज एकाच गाडीनं जायचो, मी आणि माझा आतेभाऊ. काम किडे मारायचं. हसू नका, त्याला सरकारी लायसन्स लागतं आणि ते माझ्या नावावर आहे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्यांत भुंग्यांच्या अळ्या दडून जातात आणि तिकडची झाडं पोखरतात. म्हणून पेट्या ताडपत्रीनं झाकायच्या, आत विषारी गॅस सोडायचा, चोवीस तास तसंच ठेवायचं, मग सर्टिफिकेट. त्याशिवाय माल जहाजावर चढत नाही.

आतेभाऊ हिंदी शाळेत शिकलेला. त्याचं मराठी म्हणजे खिचडी, आणि माझी जीभ तिखट. "डबा खाली आहे" असं तो म्हणाला की मी लगेच, "खाली कुठे रे, तुझ्या मांडीवर तर आहे. रिकामा म्हण, रिकामा." हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. एवढा साधा फरक, पण आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत तो कुणाला कळेल तर शपथ! बायपासवर रोज ही शिकवणी चालायची. तो बिचारा ऐकून घ्यायचा. मला मास्तरकी करायला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशीचा माल ऑस्ट्रेलियाला जायचा होता. मशिनच्या पेट्या, शेडमध्ये दोन ओळींत, पेटीवर पेटी रचलेल्या, माणसाच्या डोक्याहून कितीतरी उंच. दोन ओळींच्या मधे गॅस फिरायला गल्ली सोडतात आणि गल्लीत पंखा लावतात. पंख्याचं काम राजगढचा एक इलेक्ट्रिशियन करायचा. चाळिशीचा, शांत माणूस, दोन मुलींचा बाप. आमच्याबरोबर चार वर्षं होता, सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर लागणार होता, म्हणजे गॅस सकाळीच आत जायला हवा, आणि इथे दहा वाजून गेले होते. माझं डोकं तापलेलं.

आतेभाऊ पेट्यांवर चढून ताडपत्री ओढत होता. मी सिलेंडरपाशी पाईप जोडून उभा. शेजारी फोर्कलिफ्ट घरघरत होती. मी ओरडून विचारलं, "गल्लीत कोणी आहे का रे?"

तो वरून म्हणाला, "खाली आहे, दादा."

मी मनात म्हटलं, घ्या, पुन्हा खाली. 'रिकामी' म्हणायला याची जीभ झडते. संध्याकाळी गाडीत बघतो याला. आणि ताडपत्रीची शेवटची कड सोडली, कडेवर वाळूच्या लांब पिशव्या दाबल्या. नियम असा की कड सोडायच्या आधी लायसन्सवाल्यानं स्वतः टॉर्च मारून गल्ली बघायची. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी बघितलं नाही. मास्क चढवला आणि व्हॉल्व्ह फिरवला.

आतेभाऊ मागच्या शिडीनं उतरून, वळसा घालून माझ्याकडे आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "तो कुठनं बाहेर आला?"

"तो कोण?"

"इलेक्ट्रिशियन. सांगितलं ना मी, खाली आहे म्हणून."

माझ्या पाचावर धारण बसली. व्हॉल्व्ह उलटा फिरवला, पण वीसेक सेकंदांचा गॅस तर गेलाच होता. या गॅसला ना रंग ना वास. म्हणून त्यात डोळे झोंबणारा दुसरा गॅस थोडा मिसळतात, तेवढीच सूचना. ताडपत्री उचकटून मी मास्कसकट आत शिरलो. काळोखात हातानं पेट्या चाचपत चाचपत गेलो. तो पंख्यापाशी उकिडवा बसला होता, हातात पाना, बाहीनं डोळे पुसत होता. मी त्याची कॉलर धरली आणि अक्षरशः फरफटत बाहेर आणला. तो खोकत होता आणि मला विचारत होता की झालं काय.

धारच्या इस्पितळात डॉक्टरनं छाती तपासली, ठीक आहे म्हणाला. मग बाहेर बोलावून मला सांगितलं की हे विष उशिरा उठतं. दोन दिवस ठेवू. बोलणं जड होतंय का, चालताना झोक जातोय का, एकाचे दोन दिसतायत का, यावर नजर ठेवा. मी तिथेच बाकावर मुक्काम ठोकला.

तासातासाला मी त्याच्यासमोर बोटं धरायचो, किती? गाव कुठलं? मुली कितवीत? जरा चालून दाखव. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव विचारलं तर राजगढऐवजी काहीतरी बोबडंच ऐकू आलं. मी नर्सला हाक मारत सुटलो. आणि त्याच्या तोंडात पोहे होते. तो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

इस्पितळात निघण्याआधी शेडमध्येच आतेभावानं मॅनेजरला सांगून टाकलं होतं, चूक माझी, मी नीट बोललो नाही. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. बाकावर बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तो नीटच बोलला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द मराठीत वापरला, माझ्याच कटकटीला कंटाळून, आणि मी तो हिंदीत ऐकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरनं पुन्हा तपासलं, चालवून बघितलं आणि म्हणाला, घरी न्या. माझ्या जिवात जीव आला. इलेक्ट्रिशियन चपला घालत होता. मी विचारलं, अरे, ताडपत्री पडली, अंधार झाला, तू हाक का नाही मारलीस?

"काय को मारता, भिया?" तो म्हणाला. "मैंने सुना था. आपने पूछा, उनने बोला, खाली आहे. मैं समझ गया, मेरी ही बात हो री है. सोचा, भिया को मालूम है मैं नीचे हूँ, तो आराम से पंखा कस लूँ." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच चक्रावला होता. "मराठी तो आपकी है ना?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्यासमोरच मॅनेजरला सांगितलं, आतेभाऊ बरोबर बोलला होता, ऐकणारा मी होतो, आणि लायसन्स उद्या टेबलावर ठेवतो.