शेपटीचं पान

नळदादांचा धंदा नळ दुरुस्तीचा, पण नजर कायम भिंतीच्या भेगांवर. पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं बी पाइपाच्या सांध्यात रुजलं की घरमालक बोंब मारायचा आणि दादा मनातून खूश. रोप मुळांसकट अलगद सोडवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं, मग एक पान तोडून बघायचं. पांढरा चीक आला आणि शेंड्याला टोकदार वेष्टन दिसलं की रोप वड-पिंपळाच्या घराण्यातलं. त्या घराण्यातला नेमका कोण, हे ओळखण्यात दादांचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान दादा तरी असंच सांगत. गॅलरीत उथळ कुंड्यांतून बोन्साय दाटीवाटीने उभे होते आणि त्यांची बायको कपडे वाळत घालायला शेजारणीकडे जात होती.

त्यातलं एक झाड थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मोरीच्या पाइपातून आलेलं. बारा वर्षांपूर्वी त्याला जेमतेम चार पानं होती. "पिंपळ दिसतोय," अक्का म्हणाली. दादांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "पायर आहे." पायर म्हणजे पिंपळाची चुलत बहीणच; पिंपळाच्या पानाची लांब शेपटी तेवढी तिला नसते. अक्का गप्प बसली. धाकट्यापुढे गप्प बसायची तिला लहानपणापासून सवयच होती.

तीन वर्षांपूर्वी मात्र ती बोलली. प्रदर्शनात झाडाला पहिलं बक्षीस मिळालं, भोवती गर्दी जमली आणि अक्काने 'पायर' लिहिलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हा पिंपळ आहे. माझ्या मोरीतला."

"अक्का, तू आपली शिलाई मशीन बघ," दादा म्हणाले. लोक हसले. अक्का चपला घालून निघून गेली ती गेलीच. ना फोन, ना येणं-जाणं. दादाही हट्टाला पेटलेले. चूक तिची असताना त्यांनी का नमतं घ्यावं?

या वर्षी प्रदर्शन तोंडावर आलं. पानं बारीक यावीत म्हणून दादा दरवर्षीप्रमाणे त्या झाडाची सगळी पानं खुडायला बसले. बायको भाजी निवडत होती. "इतकी वर्षं खुडताय, छाटताय. बिचाऱ्याला शेपटी फुटायला सवड कधी दिलीत?"

दादांची कात्री थांबली.

खात्री करायला एकच मार्ग होता. झाड खोल कुंडीत लावायचं आणि मोकाट वाढू द्यायचं. म्हणजे बारा वर्षांचा घाट गेला आणि प्रदर्शनही गेलं. चार दिवस दादा कात्री घेऊन झाडासमोर बसले आणि तसेच उठले. पाचव्या दिवशी त्यांनी खोल कुंडी आणली.

झाडाने मग जी उसळी घेतली! दोन महिन्यांत फांद्या पिंजारल्या केसांसारख्या चौफेर सुटल्या, पानं तळहाताएवढी झाली आणि प्रत्येक पानाला बोटभर शेपटी.

दादांनी एक पान वहीत घातलं आणि अक्काचं दार वाजवलं. तिने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. दादांनी उंबऱ्यातच वही उघडली.

"पिंपळच आहे, अक्का. माझं चुकलं. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला बोललो, ते तर फारच चुकलं."

अक्काने पान हातात घेऊन उलटंपालटं केलं. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"हे असं असतं होय पिंपळाचं पान?"

"म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"मला कुठलं कळतंय त्यातलं? तोंडाला आलं ते बोलले." तिने पान परत वहीत ठेवलं. "पण आयुष्यात एकदा तरी तू 'हो अक्का' म्हणावंस, एवढं मनात होतं रे."

दादांनी वही मिटली.

"हो अक्का," ते म्हणाले.