तारांमधले स्क्रू
हार्डवेअरच्या दुकानात स्क्रूंच्या तेलाचा वास आला की मला माझे पियानोचे सर आठवतात. एका आधुनिक अमेरिकन संगीतकाराच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या रचनांचा त्यांना नाद होता. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवून त्या वाजवायच्या; मग आतून घुंगरांसारखे, घंटांसारखे आवाज निघत. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या खोलीत वर्षभर आम्ही त्यातली एक रचना बसवली. कार्यक्रमात मी सुरुवात केली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "काय ओ, पियानो बिघडलाय व्हय?" सगळा हॉल हसला. मी थांबले आणि माइकवर म्हणाले, "ही आवड सरांची हाय, माझी न्हाय." आणखी हशा झाला. पहिल्या रांगेतले सर उठून आले, एकेक स्क्रू काढून खिशात टाकत हळूच म्हणाले, "आता तुला आवडंल ते वाजीव." मी सिनेमातलं गाणं वाजवलं, टाळ्या घेतल्या. पुढेही ते मला शिकवत राहिले, पण त्या संगीतकाराचं नाव त्यांनी परत काढलं नाही. सर जाऊन आता तीन वर्षं झाली. ती रचना मी हल्ली वाजवते, लोक शांतपणे ऐकतात. खरं तर मला ती तेव्हाही फार आवडायची, आणि हे त्यांना कधीच कळलं नाही.