रतनबाईची नसलेली केस

धुळाजीच्या मेंढ्या विजयसिंहाच्या हरभऱ्यात शिरल्या, एवढंच निमित्त. विजयसिंह म्हणजे केजच्या राजकारणातलं बडं प्रस्थ. त्यानं धुळाजीच्याच खांद्यावरची कुऱ्हाड हिसकावली आणि त्याच्या बायकोच्या, रतनबाईच्या डोळ्यांदेखत त्याच्याच मानेवर घातली. दुसरा घाव कशाला घातला, देव जाणे. पहिल्यातच जीव गेला होता. हरभऱ्याची चार रोपं आणि माणसाची मान, एका भावात.

केजच्या कोर्टात एक सरकारी वकील होते. खुनाचा खटला वरच्या कोर्टात गेला तेव्हा तिथं सुकन्या मॅडम उभ्या. माझा वकील कुणी बदलला, म्हणून रतनबाई चिडली. तरी तिनं आपल्या मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं मॅडमपुढं ठेवलं.

मॅडमनी ते परत केलं. "मावशी, मी तुमची वकील नाही, सरकारची. तपास पोलिसांनी करायचा. खालच्या कोर्टात वेगळे वकील, इथं वेगळे. इथं कुणी उभं राहायचं ते जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील ठरवतात. खटला राज्याचा आहे, मागं घ्यायचा तर मलाही कोर्टाला विचारावं लागतं. तुम्ही साक्षीदार."

रतनबाईला ते फार लागलं.

आठवड्यानं विजयसिंहाची माणसं तिच्या पालावर आली. आधी कुत्रं कापलं. मग काठ्यांनी तिचा उजवा हात मोडला.

"केस मागं घी."

"ती माझी न्हाईच. सरकारची हाय. मागं घ्यायची तर वकिलीणबाईंलाबी कोर्टाला इचारावं लागतंय. जावा, सरकारला मारा."

"तोंड तर तुझंच हाय की," म्हणत एकानं तिच्या तोंडावर काठी हाणली. दात रक्तासकट मातीत पडले.

हे कळल्यावर मॅडमनी कोर्टाकडून तिला पोलीस बंदोबस्त मिळवून दिला. साक्षीच्या दिवशी त्यांनी कुऱ्हाड दाखवली.

"ओळखता?"

"मालकाची हाय. दांड्याला तार मीच गुंडाळलीती."

"कुणी मारली?"

रतनबाईनं डाव्या हातानं विजयसिंहाकडं बोट केलं. तो हात खाली आला नाही.

आरोपीचा वकील उठला. "जुन्या वैरापायी ही खोटी केस तुम्हीच केलीत ना?"

फुटक्या ओठांनी ती सावकाश बोलली. "केस माझी न्हाई, साहेब. माणूस तेवढं माझं होतं."

न्यायाधीशांनी ते तसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.